ई.बी.सी.चा फॉर्म आणि यशवंतराव

ई.बी.सी. म्हणजे काय, हे आपल्या होस्टेलमध्ये कुणालाही विचारा. फुल फॉर्म पटकन सांगता येणार नाही, पण उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, रेशन कार्डाची झेरॉक्स, अलॉटमेंट लेटर ही यादी तोंडपाठ असते. आता सगळं महाडीबीटीवर ऑनलाईन झालंय, योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांवर गेलीय आणि २०२४ पासून या मर्यादेतल्या अनेक मुलींची फी पूर्ण माफ होते. तरी ऑफिसच्या खिडकीपाशी सगळे अजून ‘ईबीसी’च म्हणतात. खिडकीच्या आत बसलेले काकासुद्धा!

माझी रूम पार्टनर मंगळवेढ्याकडची. घरची कोरडवाहू जमीन, त्यात ज्वारी. इंजिनिअरिंग करायचं की गावाजवळ बी.ए. करायचं, हा तिच्या घरातला वाद या एका फॉर्मवर मिटला. माझं तसं नव्हतं. बाबा नोकरीत, त्यामुळे फॉर्मचा प्रश्नच आला नाही. शाळा कॉन्व्हेंटची. यशवंतराव चव्हाण हे नाव मला माहीत होतं ते उजनीच्या पाण्याला यशवंतसागर म्हणतात म्हणून, आणि जनरल नॉलेजमध्ये ‘महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोण’ हा प्रश्न असतो म्हणून. एक मार्क! ही फी माफी त्याच माणसाने सुरू केली हे कळल्यावर मी लायब्ररीतून त्यांचं ‘कृष्णाकाठ’ आणलं. मग आणखी शोधून वाचत गेले. जे कळलं ते माझ्या भाषेत लिहिते आहे. त्यांच्या भाषणांतली वाक्यं यात सापडणार नाहीत, ती दर १ मे ला आपण ऐकतोच.

जन्म १२ मार्च १९१३, गाव देवराष्ट्रे. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. सागरेश्वरच्या डोंगराजवळचं हे त्यांचं आजोळ. वडील बळवंतराव कऱ्हाडच्या कोर्टात बेलिफ होते. यशवंत चार-पाच वर्षांचा असताना ते प्लेगमध्ये गेले. घरात आई विठाई आणि मुलं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. थोरला भाऊ ज्ञानोबा लवकर नोकरीला लागला म्हणून धाकट्यांची शाळा चालू राहिली. त्या काळात बेलिफाच्या विधवेचा मुलगा हायस्कूलपर्यंत पोचला हेच विशेष. फी, पुस्तकं, उपाशी पोटी शाळा, हे सगळं त्यांनी स्वतः सोसलेलं होतं. पुढे फायलीवर सही करताना हे त्यांना आठवलं असेल का? मला वाटतं, नक्की आठवलं असेल.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधली एक गोष्ट सगळ्या पुस्तकांत आहे. मास्तरांनी मुलांना विचारलं, मोठेपणी कोण होणार? कुणी टिळक, कुणी आणखी कुणी थोर पुरुष लिहिलं. या पोराने स्वतःचंच नाव लिहिलं. मास्तरांना हा उद्धटपणा वाटला म्हणे. आज एखाद्याने कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये असं उत्तर दिलं तर एचआरवाले खूश होतील!

१९३० साल आपल्या सोलापूरला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात इथे गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. रोज चार हुतात्मा चौकातून रिक्षा पकडताना आपल्या लक्षातही येत नाही, पण तेव्हा ही बातमी गावोगावच्या शाळकरी पोरांना पेटवत होती. वर्षभराने, २६ जानेवारी १९३२ ला, कऱ्हाडला तिरंगा फडकवला म्हणून यशवंत पकडला गेला आणि दीड वर्षाची शिक्षा होऊन त्याच येरवड्याच्या तुरुंगात पोचला. वय जेमतेम एकोणीस. म्हणजे आपल्या एस.ई.च्या मुलाएवढं.

एक मास्तर विठाईंना घेऊन तुरुंगात भेटायला गेले. मुलाने माफी लिहून दिली तर सोडतील, असं त्यांनी सुचवलं. आईने तिथल्या तिथे मास्तरांनाच गप्प केलं. माफी मागायची नाही, तब्येत सांभाळायची, एवढंच मुलाला सांगून ती परत गेली. घरात कमावणारा एक भाऊ, शाळा अर्धवट, आणि ही निरक्षर बाई असं बोलते! चव्हाणांच्या सगळ्या चरित्रात मला सगळ्यात जास्त आवडलेली व्यक्ती हीच.

तुरुंग हेच त्यांचं पहिलं कॉलेज झालं. आचार्य भागवतांसारखे मोठे लोक तिथे बराकीत पोरांना शिकवत. राजकारण, समाजवाद, संस्कृत नाटकं, सगळं काही. बाहेर आल्यावर १९३४ ला मॅट्रिक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ ला बी.ए., मग पुण्याला एल.एल.बी. हिशोब केला तर आपल्या भाषेत बराच ‘इयर गॅप’ आहे. २ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि दोन महिन्यांत ‘चले जाव’ सुरू झालं. नवरा भूमिगत. पोलिसांना तो सापडेना म्हणून त्यांनी वेणूताईंना पकडलं. लग्नानंतरची पहिली संक्रांत त्यांची कोठडीत गेली. या धावपळीत त्यांची तब्येत बिघडली ती पुढे कायमची नाजूक राहिली. या दोघांना मूलबाळ झालं नाही. देशासाठी त्याग वगैरे शब्द आपण सहज लिहितो, पण त्यागाचा मोठा वाटा अशा ज्यांना कुणी विचारलंही नव्हतं त्यांच्याकडून घेतला जातो, असं वाचताना वाटत राहिलं.

१९४६ ला ते मुंबईच्या विधानसभेत गेले आणि पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. १९५२ ला मंत्री. इथून पुढे गोष्ट अवघड होते, कारण संयुक्त महाराष्ट्र येतो. आणि आमच्या घरात आजोबा येतात.

आजोबा सोलापूरचेच, गिरणगावातले. १९५७ ला ते पंधरा वर्षांचे होते आणि समितीच्या प्रत्येक मिरवणुकीत पुढे असायचे. यशवंतराव चव्हाण म्हटलं की ते अजूनही आवाज चढवतात. कारण असं : मुंबईसह मराठी राज्य हवं म्हणून सगळा मुलूख पेटलेला असताना, १९५५ ला फलटणच्या सभेत चव्हाणांनी नेहरूंचं नेतृत्व आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, अशी भूमिका घेतली. आंदोलनात शंभराहून जास्त माणसं गेली. आचार्य अत्र्यांनी चव्हाणांना सूर्याजी पिसाळ ठरवलं. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला जे गुजरात-महाराष्ट्र मिळून द्विभाषिक मुंबई राज्य झालं, जे मराठी माणसाला नको होतं, त्याचे मुख्यमंत्री झाले हेच चव्हाण. आजोबांच्या हिशोबात विषय इथे संपतो.

माझ्या हिशोबात संपत नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस झोपली. स्वतः चव्हाण कऱ्हाडला थोडक्या मतांनी वाचले. लोक काय म्हणताहेत ते त्यांना कळलं होतं. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने वाटेवर काळी निशाणं घेऊन हजारो माणसं उभी केली. मुख्यमंत्र्यांनी पोलिसांना आवरून धरलं. गोळी सुटली नाही. नेहरूंनी मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोकांचा राग डोळ्यांनी पाहिला. चव्हाणांनी तोंडाने जे सांगायला हवं होतं ते त्या रस्त्याने सांगितलं असावं. पुढच्या दोन-अडीच वर्षांत दिल्लीचं मन वळलं, त्यात चव्हाणांचा हात मोठा होता. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, निपाणी, कारवार मात्र राहिले ते राहिलेच.

म्हणजे रस्त्यावर आजोबा आणि त्यांचे लोक नसते तर राज्य मिळालं नसतं, आणि दिल्लीच्या खोलीत कुणीतरी विश्वासातला नसता तरी बहुधा मिळालं नसतं. मेसमध्ये यावर आमची भरपूर वादावादी झाली आहे. फलटणचं बोलणं मलाही पटत नाही. शंभर घरांतली माणसं मेलेली असताना नेत्याने आधी आपली निष्ठा मोजून दाखवावी हे बरोबर नव्हतं. पण नेता एका भाषणापुरता नसतो.

कारण याच नको असलेल्या द्विभाषिक राज्याच्या काळात, १९५९ ला, चव्हाणांनी फी माफीचा निर्णय घेतला. ज्या घरचं वर्षाचं उत्पन्न ९०० रुपयांच्या आत, त्या घरातल्या मुलाला फी नाही. पुढे ही मर्यादा १२०० केली. ९०० म्हणजे महिन्याला ७५ रुपये. यात जात विचारली नव्हती, धर्म विचारला नव्हता, फक्त उत्पन्न. शेतकरी, गिरणी कामगार, विणकर, शिपाई, देवळातला पुजारी, सगळ्यांची पोरं यात आली. आज आपण आरक्षण आणि ओपन यावरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडतो, म्हणून हा मुद्दा मुद्दाम लिहिला.

आजोबांना मी विचारलं, तुम्ही दयानंद कॉलेजला कसे गेलात? पणजोबा तर गिरणीत साच्यावर होते. आजोबा थोडा वेळ पेपर चाळत राहिले. मग म्हणाले की फॉर्म भरला होता. कुठला फॉर्म, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते पुढे मास्तर झाले, बाबा शिकले, आणि मला कॉन्व्हेंटमध्ये घालण्याएवढी फी आमच्या घरात आली.

बाकीची कामं भराभर सांगते, कारण ती एमपीएससीच्या गाईडमध्ये असतात. १९५८ ला महार वतनं रद्द केली, ज्यासाठी डॉ. आंबेडकर तीस वर्षं झगडले होते. बौद्ध झालेल्यांच्या सवलती राज्यात चालू ठेवल्या. मराठवाडा विद्यापीठ (१९५८) आणि शिवाजी विद्यापीठ (१९६२) त्यांच्याच काळातली. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ ला झालं, तोपर्यंत आपल्या सीनियर्सच्या डिग्रीवर शिवाजी विद्यापीठाचाच शिक्का असायचा. कऱ्हाड आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) इथली सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजं १९६० ची. तोपर्यंत मुंबई, पुणे, सांगली अशी मोजकीच नावं होती, खेड्यातल्या पोराला ड्रॉईंग बोर्ड बघायला मिळणं मुश्कील. साहित्य संस्कृती मंडळ काढून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना त्याचं काम दिलं, त्यातून पुढे मराठी विश्वकोश आला. जिल्हा परिषदेचा कायदा १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून. एमआयडीसी १९६२ ची. सहकारी साखर कारखान्यांना त्यांनी सरकारचं भांडवल दिलं. साखर कारखान्यांच्या गर्दीसाठी आपला जिल्हा ओळखला जातो, तेव्हा त्याचं गोड आणि कडू दोन्ही आपल्याला माहीत आहे. ज्या सत्तेचं वाटप व्हावं म्हणून त्यांनी सहकार आणि जिल्हा परिषदा उभ्या केल्या, ती पुढे ठराविक घरांत जाऊन बसली. हे त्यांना दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

१९६२ च्या नोव्हेंबरात चीनपुढे आपली सेना मागे हटली, कृष्ण मेनन गेले आणि नेहरूंनी चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. शपथ घेतली २१ नोव्हेंबरला, त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली! हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला हे आपल्याकडे भाषणात हटकून येतं, पण खरं काम युद्धानंतरचं होतं. हरलेल्या सैन्याला परत उभं करायचं. सव्वाआठ लाखांचं भूदल, ४५ स्क्वाड्रनचं हवाईदल अशी पाच वर्षांची योजना त्यांच्या काळात आखली गेली. नाशिकजवळ ओझरला मिगचा कारखाना आला. नाशिकमधूनच ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले, तेव्हा विमानं वापरायची परवानगी हवी होती. बैठका, नोटिंग, वरची सही यात अर्धा दिवस सहज गेला असता. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला आणि संध्याकाळी विमानं उडाली. नेहमी तोलून-मापून पाऊल टाकणारा हा माणूस नेमका त्या दिवशी थांबला नाही.

त्यानंतर काही महिन्यांत, ७ मार्च १९६६ ला, ते आपल्या जिल्ह्यात आले होते. भीमेवर उजनी धरणाची पायाभरणी त्यांच्या हातून झाली. धरण पूर्ण व्हायला १९८० उजाडलं. साठा ११७ टीएमसी. सिव्हिलवाल्यांना माहीत असेल, यातलं निम्म्याहून जास्त पाणी डेड स्टोरेज आहे, म्हणून उन्हाळ्यात पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते आणि बाहेरगावच्या पाहुण्याला ती कळतच नाही. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर वर येतं. लोक फोटो काढायला जातात, पण ते कुणाच्या तरी गावाचं देऊळ होतं. त्या गावांनी जमीन दिली, ऊस दुसऱ्यांचा पिकला, आणि शहरात नळाला पाणी दिवसाआड की पाच दिवसांनी हा प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो.

दिल्लीत ते बावीस वर्षं राहिले. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, सगळी मोठी खाती झाली. पण वाचताना मला तो कृष्णाकाठचा यशवंत हळूहळू दिसेनासा झाला. १९६९ ला काँग्रेस फुटली तेव्हा आधी एका बाजूला मत दिलं, मग दुसऱ्या बाजूला राहिले. कुंपणावर बसणारे अशी टीका झाली. १९७० ला इंदिरा गांधींनी त्यांच्याकडचं गृहखातं काढून अर्थ दिलं, ते निमूट घेतलं. १९७५ च्या आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते. एकोणिसाव्या वर्षी माफी न मागता दीड वर्ष तुरुंगात काढलेला माणूस, आणि देशातले अर्धे विरोधी नेते तुरुंगात असताना मंत्रिमंडळात गप्प. त्यात एस. एम. जोशींसारख्या जुन्या सहकाऱ्यांचा पक्षही भरडला गेला. काहीजण म्हणतात ते मनातून अस्वस्थ होते. असतील. पण आतल्या अस्वस्थतेचा तुरुंगातल्यांना उपयोग झाला नाही. आजोबांचं आणि माझं एकमत होतं ते याच मुद्द्यावर.

१९७७ ला ते विरोधी पक्षनेते झाले, १९७९ ला चरणसिंगांच्या सरकारात काही महिने उपपंतप्रधान. १९८० ला इंदिराविरोधी काँग्रेसकडून साताऱ्यातून निवडून आले, महाराष्ट्रात त्या पक्षाचे ते एकटेच. वर्षभराने परत इंदिरा गांधींच्या पक्षात गेले आणि त्यासाठी त्यांना दारात ताटकळावं लागलं. ज्यांनी एकेकाळी या राज्याची तिकिटं वाटली त्यांच्यावर ही वेळ! मंत्रिपद मिळालं नाही, आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. लग्नाला एकेचाळीस वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. परदेश दौऱ्यांतून ते त्यांना लांबलचक पत्रं लिहायचे, ती नंतर पुस्तकरूपाने आली. ज्या माणसाने राजकारणात पुष्कळ गोष्टी पोटात ठेवल्या तो पत्रांत मोकळा होता. वेणूताईंनंतर ते खचले ते परत उभे राहिले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत गेले. अंत्यसंस्कार कऱ्हाडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. मागे राहिली ती मुख्यतः पुस्तकं, ती आता कऱ्हाडला वेणूताईंच्या नावाच्या स्मारकात आहेत. त्यांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ ला सुरू झालं.

आत्मचरित्र त्यांना तीन भागांत लिहायचं होतं. पहिला कृष्णाकाठचा, मग मुंबईचा, मग दिल्लीचा. पहिलाच झाला, तो १९४६ ला संपतो. म्हणजे फलटण, प्रतापगड, आणीबाणी, यावर त्यांचं म्हणणं काय होतं ते वाचायला मिळत नाही. आमच्या घरात सध्या तो पहिला भाग आजोबांच्या उशाशी आहे. लायब्ररीची तारीख उलटून गेली आहे, रोजचा एक रुपया दंड चालू आहे. ज्यांना पुस्तक हवं असेल त्यांनी थोडं थांबावं, आजोबा अजून येरवड्यातच आहेत.